पिंगळ्यांच्या दारात बसायचं तर

लेन्स कोणती घेऊ, असं तू विचारलंस. तेही सांगतो, पण आधी पक्षी ठरव. माझं ऐकशील तर पिंगळा ठरव.

उडता उडता एकमेकांशी काहीतरी चाललेलं आहे अशी घुबडं तुला टिपायची आहेत. भांडणारी, चोचीतलं भक्ष्य जोडीदाराला देणारी, पिल्लांनी भंडावून सोडलेली. आपल्या भागात घुबडांची कमी नाही. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर गव्हाणी घुबड राहतं. नदीकाठच्या दाट झाडांत हुमा असतो, आणि दगडाच्या खाणी, ओढ्यांच्या दरडी ही शृंगी घुबडाची जागा. तिघंही फार देखणी. पण त्यांचा खरा दिवस आपला उजेड संपल्यावर सुरू होतो, आणि तुझ्या हौसेला त्या अंधारात पहिल्याच वर्षी खीळ बसेल. पिंगळा मात्र सूर्य मावळायच्या आधीच ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. जोडीनं राहतो, ठरलेला इलाका सोडत नाही, आणि त्या इलाक्यासाठी शेजाऱ्याशी रोज भांडतो. जेमतेम २१ सेंटिमीटरचा जीव, साळुंखीपेक्षाही लहान, पण दोन पिंगळे समोरासमोर आले की बघत राहावं.

इंग्लंडमधले लोक हिवाळ्यात दुपारपासून दलदलीच्या कडेला जाऊन बसतात, कारण तिथं आखूड कानाचं घुबड भरउजेडात शिकार करतं आणि भोवत्या, खरुची असल्या शिकारी पक्ष्यांशी हवेतल्या हवेत झटापट करतं. खरुची तर त्याच्या पंजातला उंदीर उडता उडता हिसकावतो. तसले फोटो तू पाहिलेस म्हणून हे खूळ डोक्यात शिरलं, हे मला कळतंय. तेच घुबड हिवाळ्यात पाहुणं म्हणून महाराष्ट्राच्या माळरानांवरही येतं. नशीब असेल तर दिसेल. पण नशिबावर शिकता येत नाही. शिकायचं तर रोज भेटणारा पक्षी पाहिजे.

आता शोधायचा कसा? मान वर करून झाडं बघत हिंडू नकोस, खाली बघ. जुना वड, पिंपळ, चिंच, आंबा, ज्याला ढोली आहे असं कुठलंही म्हातारं झाड. त्याच्या बुंध्याशी आणि खालच्या फांद्यांवर चुन्याच्या शिंतोड्यांसारखी पांढरी विष्ठा दिसली तर थांब. मग पाचोळ्यात शोध. घुबड भक्ष्य सगळं गिळतं आणि जे पचत नाही ते गोळा करून ओकतं. पिंगळ्याचा गोळा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसतो. वाळलेला असेल तर तळहातावर घेऊन काडीनं हलक्या हातानं उकल. बहुतेक वेळा चकाकणारे काळे-तपकिरी तुकडे निघतील, ते भुंगेऱ्यांच्या पाठीवरचे कठीण पंख. कधी राखाडी केसांच्या गुंत्यात पिवळट, वाकडे, सुईसारखे दात निघतील, तो उंदीर किंवा चिचुंद्री. नंतर हात साबणानं धू. हे किळसवाणं वाटू देऊ नकोस. या एका गोळ्यावरून तुला कळतं, तुझा पिंगळा काल रात्री कुठं जेवला. भुंगेरे जास्त असतील तर तो जवळच्या दिव्याच्या खांबाखाली जात असणार, केस-हाडं जास्त असतील तर बांधावर. म्हणजे तो ढोलीतून निघून कोणत्या बाजूला उडणार, याचा अंदाज कॅमेरा पिशवीत असतानाच बांधता येतो.

माझी झाडं कोणती, ते इथं लिहीत नाही. तू घरी आलीस की दाखवीन. तूही तुझी कुणाला सांगू नकोस, फोनमधलं लोकेशन बंद ठेव, आणि फोटोत मागं ओळखीचं देऊळ, पाण्याची टाकी किंवा पाटी येत असेल तर तो फोटो विणीच्या हंगामात बाहेर सोडू नकोस. एका ढोलीसमोर पंधरा लेन्स उभ्या राहिल्या की ती जोडी अंडी सोडून जाऊ शकते.

सुरुवातीच्या काही संध्याकाळी कॅमेरा नेऊच नकोस. वही ने. हे सांगितलं की सगळ्या पोरांची तोंडं उतरतात, तुझंही उतरेल. पण हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायची आहे. पिंगळा ढोलीच्या तोंडातून निघून समोरच्या फांदीवर पोचेपर्यंत डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढाच वेळ असतो. तेवढ्यात तू काही ठरवू शकत नाहीस. त्या क्षणी जे हातून घडेल ते आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवायला तो पक्षी पाठ व्हावा लागतो. आधी कोण बाहेर येतं? बाहेर आल्यावर पहिल्यांदा कुठं बसतं? दुसरा किती वेळानं येतो? ओरडतात ते बसल्यावर की निघण्याआधी? शेजारची जोडी कोणत्या झाडावरून उत्तर देते? वहीत वेळ लिही, आणि बाजूला सूर्यास्ताची वेळ लिही. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या पुढं. घड्याळावर गेलीस तर पिंगळा रोज वेळ बदलतो असं वाटेल. सूर्यास्ताशी जोडून बघ, मग त्याची शिस्त दिसेल.

जवळून बघितलंस की आणखी एक कळेल. बाहेर येण्याआधी पिंगळा ढोलीच्या कडेवर नुसतं डोकं टेकवून बसतो. पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे, बाकी सगळं झाडाच्या सालीत मिसळलेलं. मग एक पाय बाहेर. एक पंख आणि त्याच बाजूचा पाय मागं ताणून आळस देतो, मग दुसऱ्या बाजूचा. अंग फुलवून एकदा सगळी पिसं झटकतो. बऱ्याचदा त्यानंतर विष्ठा टाकतो. आणि मग थोडं पुढं झुकून, मान खाली घालून, पाय दुमडतो. हा झुकाव म्हणजे उड्डाण. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत, म्हणून ज्या फांदीवर जायचं तिकडं त्याला अख्खं तोंड वळवावं लागतं. पिंगळा कुठं जाणार, ते तो तोंडानं आधी सांगतो. तू फक्त वाचायला शीक.

वर्षभरात काय कधी घडतं, तेही मनात धर. थंडी पडू लागली की कलकलाट वाढतो. दोघं मिळून एका सुरात किरकिरतात, पलीकडची जोडी उत्तर देते, आणि हद्दीवर कुणी आलं की उडत अंगावर जातात. हवेतली भांडणं हवीत तर नोव्हेंबर ते जानेवारी. पुढं एकमेकांना खेटून बसणं, मानेची पिसं चोचीनं नीट करणं वाढतं. फेब्रुवारी ते एप्रिल हा मुख्य विणीचा काळ. मादी अंड्यांवर बसते आणि नर तिला आणून भरवतो. भक्ष्याची देवाणघेवाण तेव्हा होते, पण याच काळात सगळ्यात लांब थांबायचं. एप्रिल-मेमध्ये पिल्लं फांदीवर येतात. आईबाप आले की ती धडपडत, अर्धवट उडत त्यांच्याकडं झेपावतात. माझ्या मते पिंगळ्याचे सगळ्यात चांगले फोटो या दिवसांत मिळतात, कारण पिल्लांना नीट उडता येत नाही आणि भूक मात्र दांडगी असते. पिल्लू झेपावतं तेव्हा दोन जीवांमधलं नातं फोटोत आपोआप उतरतं, तुला काही रचावं लागत नाही.

आता बसायची जागा. यात बहुतेक जण फसतात. पक्षी आपल्याकडं तोंड करून उडत यावा असं सगळ्यांना वाटतं. एकटा पक्षी असेल तर ठीक. दोघं हवे असतील तर त्यांच्या वाटेला आडवी बस. म्हणजे ढोली तुझ्या डाव्या हाताला, त्यांची नेहमीची फांदी उजव्या हाताला, आणि दोन्ही तुझ्यापासून सारख्याच अंतरावर. कारण गणितात आहे. ६०० मिलिमीटरची लेन्स, ६.३ ॲपर्चर, २० मीटरवर पक्षी, पूर्ण आकाराचा सेन्सर: स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम ४० सेंटिमीटर जाडीची. एक पिंगळा त्या पट्टीत आणि दुसरा हातभर मागं असला की तो धुरकट ठिपका होऊन बसतो. तीच जागा, ४०० मिलिमीटरची लेन्स आणि ८ ॲपर्चर असलं तर पट्टी सव्वा मीटरच्या आसपास जाते. म्हणून दोन पक्ष्यांच्या फोटोला फार लांबची लेन्स अडचणच करते. पक्षी चौकटीत लहान दिसेल, दिसू दे. झेपेला मोकळी हवा लागते.

तर ही झाली लेन्सची गोष्ट. तुझ्याकडं असलेली ४०० पर्यंतची झूम पुरेशी आहे. कर्ज काढून मोठी तोफ घेऊ नकोस. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे तो त्याचसाठी. कोल्हापूरच्या पोरीनं सामान कमी पडलं म्हणून अडून बसू नये.

सूर्य पाठीशी ठेव म्हणतात, तेही संध्याकाळी थोडं वेगळं आहे. सूर्य मावळतीला असताना तो पाठीशी असला तर पिंगळ्याच्या डोळ्यांत सोनेरी उजेड भरतो, ते उत्तमच. पण सूर्य गेल्यावर उजेड फक्त पश्चिमेच्या आभाळाचा उरतो. तेव्हाही पश्चिम पाठीशीच हवी. पूर्वेकडचं झाड उजळलेलं राहतं आणि तुला चार-पाच मिनिटं जास्त मिळतात. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, आपल्याकडे संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. त्यातली चार मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली.

शटर १/१६०० च्या खाली नेऊ नकोस. पिंगळा लहान आहे, पंख फार जलद मारतो. गव्हाणी किंवा हुमा असता तर १/८०० वरही भागलं असतं, मोठ्या पंखांची लय संथ. सूर्यास्ताच्या सुमारास आयएसओ ३२०० ठेव, पुढच्या दहा मिनिटांत ६४०० कर. दाणे येतील. येऊ देत, दाणेदार पण स्पष्ट फोटो नंतर सुधारतो, हललेला सुधारत नाही. उजेड स्वतः मोज आणि सगळं मॅन्युअलवर ठेव. पिंगळा गर्द झाडापुढून निघतो आणि पुढच्याच क्षणी उघड्या आभाळासमोर येतो. कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो आभाळ बघून पक्ष्याला काळा करून टाकेल. पाच पाच मिनिटांनी मोजमाप बदलत राहा, नाहीतर बघता बघता उजेड निम्मा होईल आणि पत्ता लागणार नाही.

पिंगळा सरळ उडत नाही. दोन-चार जोरकस पंख मारतो, मग पंख मिटून खाली घसरतो, पुन्हा पंख मारून वर येतो. लाटेसारखी वाट. त्यामुळं त्याच्यामागं कॅमेरा फिरवणारा नेहमी एका लाटेनं मागं राहतो. तू मागं लागू नकोस. ज्या फांदीवर तो उतरतो तिथं आधीच फोकस लावून ठेव आणि उतरण्याचा क्षण धर. उतरताना पंख पूर्ण पसरतात, पाय पुढं येतात, वेग कमी होतो. आणि फांदीवर दुसरा आधीच बसलेला असेल तर हवं ते सगळं तिथंच घडतं. तो सरकून जागा देतो, चोच उघडतो, किंवा येणाऱ्याला उडवून लावतो. फांदी चौकटीच्या मधोमध धरू नकोस, येणाऱ्याच्या बाजूला जास्त जागा सोड.

तुझा कॅमेरा मिररलेस आहे, त्यात बटण पूर्ण दाबायच्या आधीचे क्षण साठवून ठेवायची सोय असेल. पुस्तिका वाचून ती चालू कर. आमच्या वेळी अशी सोय स्वप्नातही नव्हती, आणि मला तिचा मुळीच राग नाही. माणसाचं बोट पिंगळ्यापेक्षा मंद असतं, तेवढी उणीव यंत्रानं भरून काढली तर बरंच. फक्त एक बघ. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर सावकाश वाचला जात असेल तर पंख वाकडे, लवलेले दिसतात. घरी पंख्याच्या पात्यांचे फोटो काढून तपास. पाती केळीच्या पानांसारखी वाकली तर मेकॅनिकल शटर वापर.

दिव्याच्या खांबाखाली किडे टिपणारे पिंगळे बघितलेस की तिथं फोटो काढायचा मोह होईल. जरूर काढ, पण तिथला उजेड डोळ्यांना वाटतो तसा स्थिर नसतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. जलद शटरवर एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, कधी एकाच फोटोत काळे पट्टे. कॅमेऱ्यात लुकलुक टाळणारी सेटिंग असते ती लाव, किंवा शटर १/१०० वर आणून बसलेल्या पक्ष्यावर समाधान मान.

ऊसतोडीच्या दिवसांबद्दल थोडं. फड तुटायला लागला की आतले उंदीर बांधाकडं पळतात आणि गव्हाणी घुबड संध्याकाळी खांबावर, बांधावरच्या झाडावर येऊन बसतं. ते पोटाकडून इतकं पांढरं असतं की काळसर आभाळासमोर त्याची पिसं जळून जातात, म्हणून मोजमापापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी ठेव. आणि आवाजाची वाट बघू नकोस. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात, हवा त्यातून विंचरून जाते, त्यामुळं ते कानाजवळून गेलं तरी कळत नाही. हुम्याचं उलट. त्याची शिकार पाण्यात, माशाला हवेतला आवाज कुठं ऐकू येतोय? त्याच्या पंखांना ते कंगव्यासारखे दात नाहीत, आणि शांत संध्याकाळी त्याचे पंख चक्क ऐकू येतात. डोहाकाठी कधी बसलीस तर आधी कानानं बघ.

शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचार. तोडकऱ्यांच्या कामात मध्ये येऊ नकोस. कोयता चालत असताना वाकून फोटो काढायला जाणं धोक्याचं आहे, आणि त्यांचा दिवस टनावर मोजला जातो. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गेलीस तर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करायचं नाही.

आता जे करायचं नाही ते. मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज लावून त्याला बोलवू नकोस. आवाज ऐकला की त्याला वाटतं दुसरा कुणी हद्दीत घुसला. मग तो शिकार सोडून, मादी सोडून भांडायला येतो. फोटो झकास मिळतो, पण तो फोटो खऱ्या भांडणाचा राहत नाही, आणि त्या रात्री ढोलीत पोटाला कमी जातं. दोरीला उंदीर बांधून ठेवणारे आहेत, त्यांच्याबरोबर उभीही राहू नकोस. फ्लॅश नको. अंधारासाठी घडलेले डोळे आहेत ते, उडत्या पक्ष्याच्या डोळ्यांवर लखकन उजेड मारून त्याला फांदीवर आदळायला लावणं हा छळ आहे. ढोलीसमोरची पानं-फांद्या मोडू नकोस, त्या आडोशामुळंच कावळ्याला ढोली दिसत नाही.

कावळ्यांचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. दिवसा घुबड उघड्यावर दिसलं की कावळे, कोतवाल, साळुंख्या, बुलबुल सगळे तुटून पडतात. हवेतली झटापट, पसरलेले पंख, उघड्या चोची, सगळं एका चौकटीत. म्हणून काही जण झाडाला दगड मारून, टाळ्या वाजवून घुबड दिवसा उठवतात आणि पुढं कावळे काय करतात त्याचे फोटो काढतात. घुबड त्यात जखमी होतं, डोळ्याला चोच लागली तर पुढं उपाशी मरतं. आपोआप घडलेलं दिसलं तर दुरून काढ. घडवून आणलेलं असेल तर तिथून निघ, आणि घडवणाऱ्याला तोंडावर सांगून निघ. शृंगी घुबडाच्या बाबतीत आणखी जपायचं. ते दरडीच्या कपारीत, कधी सरळ जमिनीवर अंडी घालतं, आणि त्याची पिल्लं उडता यायच्या आधीच पायानं घरट्याबाहेर पडून दगडांत दडून बसतात. माणूस जवळ गेला की आईबाप उडतात आणि पिल्लू उघडं पडतं. खाणीत उतरून फोटो काढायचा नाही. समोरच्या काठावरून जेवढं मिळेल तेवढं.

पिंगळा तुझ्यावर नाराज आहे हे कसं ओळखायचं? तो ताठ होतो, पिसं अंगाला घट्ट चिकटवून बारीक, उंच दिसू लागतो. डोळे पूर्ण उघडे, टक तुझ्यावर. मग डोकं झपाझप वरखाली करतो. पाहणाऱ्याला तो नाचतोय असं वाटतं, तो घाबरलेला असतो. दहा पावलं मागं जा. तरी थांबला नाही तर त्या दिवशीचं काम संपलं, घरी चल. ज्या दिवशी तो तुझ्यासमोर अंग फुलवून, एक डोळा मिटून, एका पायावर बसेल त्या दिवसापासून तुझं काम खरं सुरू होईल. त्यासाठी रोज त्याच जागी बस, तेच मातकट कपडे घाल, येताना-जाताना एकच वाट धर.

लोक विचारतील. पोरगी संध्याकाळची घुबडाच्या झाडाखाली बसते म्हटल्यावर विचारणारच. कुणी अपशकुन म्हणेल, कुणी पहाटेच्या पिंगळा जोशाची आठवण काढेल, तो पिंगळ्याची भाषा ऐकून भविष्य सांगतो म्हणून. वाद घालू नकोस. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आदल्या दिवशीचा फोटो दाखव, पिल्लाला भरवतानाचा असला तर उत्तम. नंतर हळूच सांग, की ही जोडी तुमच्या बांधावरचे उंदीर आणि किडे खाते, विषाच्या गोळ्या टाकल्या तर मेलेल्या उंदरातून ते विष हिच्या पोटात जातं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावानं पुण्याच्या इला फाउंडेशनबरोबर २०१८ साली घुबडांचा उत्सवच भरवला. पोरांनी घुबडांची चित्रं काढली, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली. खेड्यातल्या माणसाला घुबड आवडू शकतं, याचा तो पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

दिवाळीच्या आधीचे दिवस मात्र सावध राहा. अघोरी पूजेसाठी घुबडांचे बळी देणारे आहेत, आणि पकडणारे अमावास्येच्या आधी हिंडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. झाडाखाली जाळं, चिकटाची काठी किंवा अनोळखी माणसं विचारपूस करताना दिसली तर त्यांच्याशी भिडू नकोस, वनखात्याला कळव. हेल्पलाइन १९२६. संक्रांतीच्या आगेमागे मांजात अडकलेलं घुबड सापडलं तरी हाच नंबर. मांजा ओढून काढू नकोस, पिसं आणि कातडी दोन्ही सोलली जातात. कापडानं डोळ्यांसकट झाकून, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव. पाणी-दूध तोंडात ओतू नकोस.

घरी येऊन फोटो उघडलेस की पुढचं काम नोंदीचं. प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, खरी जागा आणि तू स्वतः काय पाहिलंस ते लिही. लोकांना दाखवताना जागा झाक, पण स्वतःच्या नोंदीत खोटं नको. वनपिंगळ्याची गोष्ट यासाठी लक्षात ठेव. हा आपल्या खानदेशातला पक्षी. १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना कुणाला मिळाला नव्हता. मेनर्ट्‌झहेगन नावाच्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत आपण तो मिळवला, अशी चिठ्ठी एका नमुन्याला लावली होती. पुढं पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केलं, की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुनाच पक्षी होता, नवी चिठ्ठी चिकटवलेला. त्या एका खोट्या चिठ्ठीनं शोधणारे भलत्या मुलखात हिंडत राहिले. चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धरल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ वनपिंगळा दिसला, तोही दिवसाउजेडी. एवढी वर्षं तो तिथंच होता.

आता तर दोन वेगळ्या संध्याकाळचे दोन पिंगळे संगणकावर एका आभाळात बसवायला मिनिटही लागत नाही. अस्तित्वातच नसलेली घुबडं भांडताना दाखवता येतात. दोन पक्ष्यांच्या फोटोचं सगळं मोल, ते दोघं त्या क्षणी खरोखर तिथं होते, यात आहे. कडा काप, दाणे कमी कर, उजेड थोडा वर-खाली कर. पक्षी आणू नकोस, काढूही नकोस. मूळ फाईल जपून ठेव, कुणी मागितली तर दाखवता आली पाहिजे.

पुढच्या आठवड्यात आलीस की चहा पिऊन साडेचारला निघू. तो नवा केशरी जर्किन घरी ठेव. डोक्याला टोपी, बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिन, दोन सुके सेल खिशात. गवतात बसायच्या आधी काठीनं जागा चाळवायची, त्या बांधाला घोणस असते. गाडी रस्त्यावरच ठेवायची, दिवे बंद करून. तुझ्या आईला सांगून ठेवतो, जेवायला साडेआठ होतील. आणि पहिला चांगला फोटो निघाला की तो आठ बाय बाराचा कागदावर छापून आण, मागं तारीख घाल. ज्यांच्या बांधावर ते झाड आहे त्या घरच्या म्हातारीला द्यायचा आहे. झाड तोडायचं की ठेवायचं, हे तिच्या घरात तीच ठरवते.